पालकाचं डिप पाणी का सोडतं, आणि अंगणातल्या वाढदिवसाला ते कसं वाढावं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गाव समुद्रपूर तालुक्यातलं. लेकीचा पहिला वाढदिवस, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी, अंगणात मांडव टाकून. माणसं ६०, त्यातली २० पुण्या-नागपूरची, बाकी घरची आणि गावची. पुण्याच्या दिरांनी व्हिडिओ पाठवून ‘वहिनी, या वेळी पालक डिप पाहिजेच’ असा हट्ट धरलाय. (डिप म्हणजे पावाचे नाहीतर भाजीचे तुकडे बुडवून खायचं घट्ट कालवण.) तुम्ही एकदा करून पाहिलं, तर तासाभरात पाणी सुटलं, रंग शेवाळी झाला, चव पाणचट झाली आणि सासूबाई म्हणाल्या, ‘थंडी भाजी कोन खाईन?’ क्रीम चीज, सावर क्रीम, वॉटर चेस्टनट, आर्टिचोक यातलं काहीच हिंगणघाटात मिळालं नाही, तर बदली काय घालू, असं तुम्ही विचारलंय. शिवाय शेवटी एक छोटा प्रश्न: डिप केकच्या आधी द्यावं की नंतर?

मी आर्वीकडची. साखरपुडे, नामकरण, वाढदिवस यांच्या ऑर्डरी घेते, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पाटवडी-रस्सा आणि वांग्याची भाजी हा माझा रोजचा धंदा. डिप वगैरे गेल्या आठ-नऊ वर्षांतलं, शहरातून येणाऱ्या पोरांनी मागून मागून शिकवलेलं.

एक आधीच सांगून टाकते. क्रीम चीज मिळालं असतं तरी तुमचं परवाचं डिप बिघडलंच असतं. तुम्ही लिहिलंय की पालक धुऊन कच्चाच मिक्सरमधून काढला आणि पाकिटातल्या दह्यात कालवला. आता व्हिडिओ पुन्हा बघा. त्या बाईच्या हातातला पालक गोठवलेला आहे. हा पदार्थ मूळचा अमेरिकेतल्या घरगुती पार्ट्यांचा. तिथं पाकिटात मिळणारा पालक गोठवण्याआधीच उकळत्या पाण्यातून काढून चिरलेला असतो. घरी आणून तो वितळवायचा आणि पिळायचा, एवढंच. ते पिळणं व्हिडिओत चार सेकंदांत आटपतं, म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही. सगळी मेख तिथंच आहे.

पालकाच्या १०० ग्रॅम पानात ९० ग्रॅमच्या वर पाणीच असतं. पान अख्खं आहे तोवर ते पाणी आत धरलेलं राहतं. मिक्सर लावला की सगळं मोकळं होतं. वर मीठ पडलं की उरलंसुरलंही बाहेर येतं, चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवल्यावर येतं तसंच. त्यात न टांगलेलं दही म्हणजे पाण्यात पाणी. पदार्थ कुठलाही आणा, हे पाणी आधी काढलं नाही तर डिप होत नाही, रायतं होतं.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, तोंडावर पडून शिकले. पहिली डिपची ऑर्डर घेतली ती एप्रिलात. व्हिडिओतल्यासारखा मोठा गोल पाव तालुक्याच्या बेकरीतून मुद्दाम करून घेतला, आतून कोरला, त्यात डिप भरलं आणि सहा वाजता टेबलावर सजवून ठेवलं. पालक उकळला होता, पण पिळला वरवर, हात भाजतात म्हणून. साडेसातला पाहुणे आले तोवर पावाभोवती हिरवं तळं. उचलायला गेले तर पावाचा बूड टेबलालाच चिकटून राहिला. एक आजोबा वाकून बघत म्हणाले, ‘पन्हं केलं का व बाई पालकाचं?’ त्या पदार्थाचे पैसे मी घेतले नाहीत.

तर आता तुमचं. काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. तुमच्याकडे फ्रिज आहे पण लाइन कधी जाईल याचा नेम नाही, असं तुम्ही लिहिलंय. दूध म्हशीचं की गाईचं, ते लिहिलं नाही. लसूण न खाणारं, अंडं न चालणारं कोण कोण आहे, तेही नाही. आपल्याकडे एका अंगणात माळकरी, महानुभावी आणि कोंबडी खाणारे असे सगळे एकत्र बसतात, म्हणून मी अंडं टाळून आणि लसूण वरून घालता येईल अशा बेतानं सांगते. जानेवारी आहे हे तुमचं नशीब. पालक स्वस्त, कोवळा, आणि हवा थंड. हाच वाढदिवस मेमध्ये असता तर मी डिपचा नाद सोडा म्हटलं असतं.

किती करायचं? ६० पैकी डिप खरंच खाणारी माणसं ४० धरा. बाकीचे चव घेऊन बाजूला ठेवतील आणि भज्यांकडे वळतील. माणशी ५० ग्रॅम पुरे होतं, म्हणजे २ किलो. त्यासाठी पालक जुड्यांसकट ४ किलो आणा. मुळं आणि जाड देठ काढले की अडीच किलोच्या आसपास पानं उरतील. उकळून पिळल्यावर त्याचाही जेमतेम पाव हिस्सा, साधारण साडेसहाशे ग्रॅम. पहिल्यांदा करणाऱ्याला हा आकडा खोटा वाटतो. परातभर पालकाचे चार-पाच लाडू होतात, आणि घरातले विचारतात, बाकीचा कुठं गेला?

धुण्याकडे लक्ष द्या. आपली काळी माती पानाच्या मागं चिकटून बसते आणि डिपमध्ये एक कण दाताखाली आला तरी माणूस दुसरा घास घेत नाही. टबात भरपूर पाणी घ्या, पानं बुडवून हलवा आणि वरून हातानं उचलून दुसऱ्या भांड्यात घाला. टब ओतू नका. ओतलं की खाली बसलेली माती पुन्हा पानांवर जाते. तीनदा करा. तिसऱ्या पाण्याच्या तळाशी बोट फिरवून बघा, खरखर लागली तर चौथ्यांदा.

मोठ्या गंजात पाणी खळखळून उकळू द्या. झाकण ठेवायचं नाही. पालकात आंबटपणा असतो, तो वाफेबरोबर निघून गेला तर रंग हिरवा राहतो; कोंडून ठेवला तर पानं मेंदीसारखी होतात. थोडी थोडी पानं टाका, मिनिटभरात ती लोळतात, झाऱ्यानं काढा आणि लगेच गार पाण्यात सोडा. बर्फ मिळाला तर उत्तम. नाही तर रात्रभर बाहेर ठेवलेल्या माठाचं पाणी जानेवारीत बर्फाचंच काम करतं, फक्त दोनदा बदला. सोडा घालू नका. रंग झकास येतो, पण पानं चिकट गाळ होतात. उकळलेलं पाणी मात्र टाकून द्या. पालक खाल्ल्यावर दातांना जी खरखर जाणवते, ती ज्या ऑक्झॅलिक आम्लानं येते, त्यातलं बरंचसं त्या पाण्यात उतरलेलं असतं.

मग पिळणं. इथं घाई केली की माझा एप्रिल झाला म्हणून समजा. आधी मुठीनं मुठीनं पिळून सुरीनं बारीक चिरा, आणि चिरल्यावर दुसऱ्यांदा फडक्यात घालून पिळा. दुसऱ्यांदा निघणारं पाणी पाहून तुम्ही थक्क व्हाल. न चिरलेल्या पानांच्या घड्यांत ते दडून बसलेलं असतं. पुरण गाळायचं मलमलचं फडकं किंवा धुतलेलं जुनं धोतर घ्या, संत्र्याएवढाच गोळा घ्या, मोठा नको. एकानं टोकं धरायची, दुसऱ्यानं पीळ द्यायचा, गोधडी पिळतात तसा. थेंब थांबले की फडकं उघडा आणि लाडू बोटांनी फोडा. तो भुरभुरा सुटला आणि तळव्याला ओल लागली नाही, तर झालं. चिकटून एकसंध राहिला तर आणखी एक पीळ. या दुसऱ्या पिळण्याचं पाणी मी कणकेत घालते.

आता बदलीचे पदार्थ. क्रीम चीजमध्ये स्निग्धांश ३३ टक्क्यांच्या आसपास असतो, सावर क्रीममध्ये १८ च्या आसपास. आपला चक्का आंबटपणात आणि घट्टपणात यांच्या जवळ जातो, पण एवढा तुपकट नसतो. म्हणून म्हशीच्या दुधाचंच दही लावा. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण ६ ते ७ टक्के, गाईच्या दुधात साडेतीन-चार. शिवाय चक्क्यात वाटीभर घट्ट साय फेटून घाला. २ किलो दह्याचा ८०० ते ९०० ग्रॅम चक्का उतरतो. दही आदल्या दिवशीचं ताजं, गोडसर हवं. आंबट दही टांगलं की आंबटपणा जात नाही, चक्क्यातही भरपूर राहतो. रात्री झोपताना टांगा, सकाळी उतरवा. जानेवारीत थंड खोलीत ठेवलं तरी चालतं, फक्त मांजराच्या उडीपेक्षा उंच. खाली निघालेल्या निवळीत ज्वारीचं पीठ भिजवलं तर भाकर मऊ होते, तीही फेकू नका.

मेयोनीज तालुक्याच्या दुकानात मिळतं, बिनअंड्याचं घ्या, पाकिटावर हिरवा ठिपका बघून. २०० ग्रॅम पुरे. ते घालायचं कारण चव नाही, डिपला येणारी लुसलुशीत चमक. नकोच असेल तर साय वाढवा आणि चमचाभर मोहरी वाटून घाला. चीज हवं तर साधे क्यूब किसा, दीडशे ग्रॅम. परदेशी कडक चीजच्या मागं लागू नका.

व्हिडिओत भाजीच्या सूपचं कोरडं पाकीट ओतताना दिसलं असेल. लोकांना वाटतं ते मसाल्यासाठी. त्यात वाळवलेल्या भाज्यांचे तुकडे असतात, ते डिपमधलं उरलेलं पाणी पिऊन फुगतात, म्हणून तर ती बाई ‘दोन तास थंड करा’ म्हणते. तालुक्यात सूपचं पाकीट मिळतं, पण ते खारट असतं. ते घातलं तर वेगळं मीठ घालूच नका. मी स्वतः पाकिटाऐवजी दोन-तीन चमचे डाळ्याचं पीठ घालते. भाजून कुटलेलं जवसही पाणी छान धरतं आणि वऱ्हाडी जिभेला ओळखीचं लागतं. फक्त २ किलोला २ चमच्यांवर जाऊ नका. जवस जास्त झालं की डिपला तार सुटते.

वॉटर चेस्टनट म्हणजे दलदलीत वाढणाऱ्या एका गवतासारख्या झाडाचा कंद. आपला शिंगाडा वेगळा, तो पाण्यावर पसरणाऱ्या वेलीचं फळ. पण डिपमध्ये दोघांचं काम एकच, मऊ घासात मधेच कुरकुर. भंडारा-गोंदियाच्या तळ्यांतला शिंगाडा जानेवारीत संपत आलेला असतो. बाजारात दिसला तर मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळून, सोलून, बारीक चिरून २०० ग्रॅम घाला. तळ्याच्या पाण्यातला असतो, कच्चा घालू नका. नाहीच मिळाला तर घाट्यांतले ओले हरभरे काढा, दोन मिनिटं उकळा आणि अर्धवट ठेचून घाला. मला तर हेच जास्त आवडतं. घाटे सोलायला घरातली लेकरं बसवा, अर्धे ते खातील हे धरून दुप्पट आणा.

आर्टिचोक विसरा. ते गरम डिपमध्ये घालतात, तुम्ही करणार ते थंड. गंमत म्हणून सांगते, ते एका काटेरी झाडाची न उमललेली कळी असते आणि ते झाड आपल्या करडईच्या गोतातलं आहे. दिरांना सांगा, आर्टिचोक नाही, करडईची भाजी आहे, भाकरीबरोबर उद्या दुपारी.

थंड की गरम, यावर तुम्ही काही विचारलं नाही, पण सासूबाईंच्या बोलण्यात तो प्रश्न आहेच. गरम डिप चवीला जड आणि झकास होतं, पण दही आणि चक्का तापवला की फाटतो. आपण कढीला बेसन लावतो ते त्याचसाठी. गरम करायचं तर चक्का न घेता लोणी, मैदा, दूध यांचा पांढरा रस्सा करावा लागतो, त्यात पालक आणि चीज, आणि ते सबंध वेळ शेगडीवर ढवळत ठेवायला एक माणूस. हलवणं थांबलं की वर साय धरते, खाली लागतं. लेकीच्या वाढदिवसाला तो माणूस तुम्हीच असाल. म्हणून थंड करा, सकाळीच करून ठेवा आणि संध्याकाळी नवी साडी नेसून मोकळ्या राहा.

‘थंडी भाजी’ हे दूषण मात्र नाव बदलल्यानं जात नाही, चवीनं जातं. व्हिडिओतलं डिप आपल्या माणसांना मिळमिळीत लागणारच. फल्लीच्या (शेंगदाण्याच्या) तेलात लसणाचे काप बदामी करा, खाली उतरवून त्यात भिवापुरी मिरचीचं जाडसर कुटलेलं तिखट टाका आणि ते गार झालं की वाढताना वरून चमचा चमचा सोडा. लसूण कच्चा वाटून आत घातला तर तास-दोन तासांत उग्र होतो आणि शेवटच्या पंगतीला तोंडात नुसता लसूणच लागतो. न खाणाऱ्यांसाठी एक भांडं बिनफोडणीचं काढून ठेवता येतं, तो दुसरा फायदा. सांबार भरपूर घाला, चिरण्याआधी कोरडा करून. (दिरांना सांबार आणायला पाठवू नका, कोथिंबीर म्हणा. आमच्या एका पाहुण्यानं पुण्यात राहून राहून डब्यात इडलीचं सांबार आणलं होतं.) कांद्याची पात बारीक चिरा. साधा कांदा घालायचाच तर किसून, पिळून. मीठ सगळ्यात शेवटी, वाढायच्या अर्धा तास आधी. चीज, मेयोनीज दोन्हींत मीठ आहे, म्हणून चाखल्याशिवाय हात घालू नका.

कालवायची वेळही महत्त्वाची. पालक दह्याच्या आंबटपणात फार वेळ राहिला की हिरवा रंग उतरून खाकी होतो. तुमचा शेवाळी रंग त्यामुळंच आला, खराब झाल्यामुळं नाही. आदल्या रात्री कालवून ठेवू नका. रात्री दही टांगा, सकाळी पालक उकळून पिळून फ्रिजात टाका, चक्का-साय-मेयो-चीज एकत्र फेटून दुसऱ्या डब्यात. दुपारी तीनच्या सुमारास दोन्ही एकत्र करा, शिंगाडा किंवा हरभरे आणि डाळ्याचं पीठ घाला आणि चार डब्यांत वाटून पुन्हा फ्रिजात. मधे लाइन गेली तरी फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा चारेक तास टिकतो. कोल्ड्रिंकसाठी दर पाच मिनिटांनी दार उघडणाऱ्या पोरांना बाहेर बर्फाचा वेगळा टब करून द्या.

आता खरी अडचण, जी व्हिडिओत कधीच नसते. तिकडं एक मोठा वाडगा मधोमध ठेवतात आणि सगळे त्यात आपापला तुकडा बुडवतात. आपल्याकडे एकानं चावलेला तुकडा पुन्हा वाडग्यात गेला की ते उष्टं झालं. तुमच्या आजेसासूबाई, गावातल्या म्हाताऱ्या बाया, सोवळं-ओवळं मानणारे, कुणी तोंडावर बोलणार नाही, पण त्या वाडग्याला हात लावणार नाहीत. आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबर आहे. साठ जणांचे हात आणि तोंडं एका भांड्यात, वर दूधदह्याचा पदार्थ. मी वाडगा ठेवतच नाही. पळसाच्या पानांचे लहान द्रोण आणते, प्रत्येकात दोन चमचे डिप, वर फोडणीचा थेंब आणि कडेला खोचलेले तीन-चार तुकडे. डिप घट्ट असलं की द्रोण गळत नाही, आणि गळलाच तर तुमचा पालक नीट पिळलेला नाही हे तिथंच कळतं. ताटात वीस-वीस द्रोण मांडून फिरवा. म्हातारी माणसं खुर्चीवर बसून खातात, उठून टेबलाशी यावं लागत नाही. पोरांच्या टोळीला वाडगा हवाच असेल, फोटोसाठी तर हवाच असतो, तर त्यांचा एक वेगळा ठेवा आणि त्यात डाव घाला, म्हणजे आपापल्या प्लेटीत घेतील.

डबे चार केले ते याच कारणानं. एका वेळी एकच डबा बाहेर. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या उबेत जंतू भराभर वाढतात, म्हणून असा पदार्थ बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचा नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. तुमच्या अंगणात जानेवारीत संध्याकाळी दोन तास आरामात मिळतील. पण मांडवातल्या हॅलोजनच्या दिव्याखाली ठेवू नका, तिथं ऊन पडल्यासारखंच असतं. एका पार्टीत मी फोटो चांगले येतील म्हणून तसं ठेवलं, तर अर्ध्या तासात चीजचं तूप वर तरंगलं. डबा संपला की नवीन भांड्यात दुसरा काढा. जुन्यावर नवा ओतू नका.

सोबत काय द्यावं? बेकरीचा टोस्ट नको, तो गोड असतो. कुरडई सुंदर दिसते पण डिपमध्ये मोडते. आपल्याकडे याहून चांगली सोय आहे. आदल्या दिवशी रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) करा, दुसऱ्या दिवशी धारदार सुरीनं पातळ काप काढा, तूप लावून मंद तव्यावर दोन्हीकडून कडक करा. गोवऱ्यांच्या धगीचा वास त्यात राहिलेला असतो, आणि पालकाबरोबर तो असा काही लागतो की पुण्याची पोरं डिप सोडून कापच मागतात. ज्वारीची भाकरही चालते, पण ज्वारीला चिकटपणा नाही, पातळ भाकरीचा तुकडा मधेच तुटतो. थोडी जाड थापा, कात्रीनं दोन बोटं रुंद पट्ट्या कापा, तव्यावर फडक्यानं दाबून कडक होऊ द्या. गाजर आणि मुळा लांबट चिरून ओल्या फडक्याखाली ठेवा. काकडी वाढायच्या क्षणी चिरा, नाहीतर इतकी मेहनत घेऊन काढलेलं पाणी ती परत आणून देईल. हुरडा मिळाला तर भाजून वरून भुरभुरा. सोयाबीननं ज्वारी हटवली तेव्हापासून हुरडा म्हणजे कुणाच्या तरी शेतात ओळख लागते, तुमची असेल तर चुकवू नका.

एकदा आधी घरी करून बघाच, अर्ध्या किलो पालकाचं. त्याचा एक द्रोण भरून तासभर ताटात ठेवा. ताट कोरडं राहिलं तर पुढचं सगळं जमेल. ओलं झालं तर बदलीचे पदार्थ शोधत बसू नका, पुन्हा पिळा.

उरलं तर, फ्रिजातून बाहेर न निघालेला डबा दुसऱ्या दिवशी पराठ्यात भरा किंवा थालीपिठाच्या पिठात मळा. बाहेर मांडलेलं जे उरेल ते टाकायचं. सासूबाई म्हणतील, एवढं साय-चीज घातलं, टाकतेस काहून? गोठ्यात द्या म्हणतील, तर तेही नको, लसूण-मिरचीचं खाऊन गाईचं पोट बिघडेल.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. डिप केकच्या आधी द्या, पाहुणे जमायला लागले की लगेच. केकची गोडी तोंडात असताना आंबट-खारट डिप कडवट लागतं, आणि क्रीमचे हात घेऊन लेकरं द्रोणाशी येतात. आपल्याकडे सातची वेळ दिली की माणसं आठपर्यंत येत राहतात. तो तास रिकाम्या खुर्च्यांवर बसून काढण्यापेक्षा हातात द्रोण असलेला बरा. पहिलं ताट सासूबाईंच्या मैत्रिणींकडे न्या, फोडणी जरा जास्त घालून.